पुढचा शब्द आधीच ठाऊक असतो तेव्हा

एका प्रश्नाचं उत्तर पटकन द्या. लक्ष्मण मूर्च्छित पडला, तेव्हा संजीवनीसाठी अंगदाने कोणता पर्वत उचलून आणला?

‘द्रोणागिरी’ असं उत्तर मनात आलं असेल, तर त्यात नवल नाही. पर्वताचं नाव बरोबर आहे, पण तो आणणारा अंगद नव्हता, हनुमान होता. प्रश्न दुसऱ्यांदा वाचला की चूक लख्ख दिसते. पहिल्या वाचनात मात्र लक्ष्मण, मूर्च्छा, संजीवनी, पर्वत हे शब्द एकमेकांचा हात धरून इतके ओळखीचे आले, की एका वानराच्या जागी दुसरा वानर बसला तरी वाचन अडखळलं नाही. एरिक्सन आणि मॅट्सन या संशोधकांनी १९८१ साली अमेरिकेत याच धर्तीचा प्रश्न बायबलमधल्या कथेवर विचारला होता. मोझेसने नौकेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? नौका नोआची होती हे माहीत असलेल्या लोकांनीही बहुतेक वेळा ‘दोन’ असं सांगून टाकलं.

यावरून वाचक निष्काळजी असतात असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. आपण भाषा समजून घेतो तीच मुळी अशी. वाचताना किंवा ऐकताना आपण प्रत्येक शब्द सुटा करून त्याचा अर्थ तपासत बसत नाही. आधीच्या शब्दांवरून पुढच्याचा अंदाज बांधतो आणि अंदाज जुळला की पुढे सरकतो. रोजच्या बोलण्याचा वेग त्यामुळेच पेलतो. कवितेत मात्र हीच सोय अडचणीची ठरू शकते, कारण वाचकाने एखाद्या शब्दापाशी थांबावं, त्या शब्दातून काहीतरी पाहावं, अशी कवीची अपेक्षा असते. वाचक तिथे पोचण्याआधीच तो शब्द त्याच्या मनात येऊन बसलेला असेल, तर तो थांबेल कशाला?

गाळलेल्या जागा भरा

शाळेतल्या परीक्षेतला ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न संशोधकांच्याही कामाचा आहे. विल्सन टेलर यांनी १९५३ साली मजकूर किती सुबोध आहे हे मोजण्यासाठी ही रीत वापरली. मजकुरातले काही शब्द गाळायचे आणि वाचकांना ते ओळखायला सांगायचे. शंभरातल्या नव्वद जणांनी एकच शब्द भरला, तर ती जागा अतिशय अपेक्षित. प्रत्येकाने वेगळा शब्द भरला, तर ती जागा मोकळी. पुढे भाषेच्या अभ्यासात ‘एखादा शब्द किती अपेक्षित आहे’ हे ठरवण्याचं हे नेहमीचं माप झालं.

हे माप कवितेला लावून पाहू. पुढच्या ओळी याच प्रकरणासाठी मुद्दाम रचल्या आहेत.

सांजवेळी मन झाले ____,
डोळ्यांत दाटली ____,
तुझ्या आठवणींचा ____
दरवळला अंगणी.

पहिल्या जागी ‘व्याकूळ’, ‘उदास’ किंवा ‘हळवे’. दुसऱ्या जागी ‘आसवे’. तिसऱ्या जागी ‘गंध’, फार तर ‘मोगरा’. हौशी कविसंमेलनं आणि दिवाळी अंक यांच्याशी थोडीफार ओळख असलेल्या कुणालाही या जागा भरायला वेळ लागणार नाही. म्हणजे हे शब्द कवीने लिहिले काय आणि गाळले काय, वाचकाच्या हाती तेवढंच पडतं. त्याने स्वतःच आणलेलं त्याला परत मिळतं.

ही सहजता डोळ्यांच्या हालचालींतही दिसते. वाचताना आपली नजर ओळीवरून सलग सरकत नाही. ती एका ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकते आणि पुढे उडी घेते. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली अनेक वर्षं नोंदवल्या. अपेक्षित शब्दावर नजर कमी वेळ टेकते आणि बऱ्याचदा त्या शब्दावर न थांबता थेट पुढे जाते, असं त्यातून दिसून आलं. वाचकाने शब्द ‘वाचला’ असं आपण म्हणतो खरं, पण कधी कधी तो त्यावर नीटसा थांबलेलाही नसतो.

मेंदूतली नोंद आणखी बोलकी आहे. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली डोक्यावर विद्युतअग्रं लावून, पडद्यावर एकेक शब्द दाखवत लोकांना वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवट भलताच होता. मराठीत त्याच धर्तीचं वाक्य करायचं तर ‘तिने गरम भाकरीवर लोण्याऐवजी मोजे ठेवले’ असं काहीसं. असा शब्द समोर आल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत लहरींत एक ठळक ऋण लाट उमटायची. तिला ‘एन ४००’ म्हणतात. चारच वर्षांनी, १९८४ साली, याच दोघांनी एक महत्त्वाची भर घातली. लाट उमटायला शब्द चुकीचा असावा लागत नाही. अर्थाला अगदी योग्य, पण अनपेक्षित असलेल्या शब्दालाही ती मोठी येते. शब्द जितका अपेक्षित, तितकी लाट लहान. आधीच्या शब्दांनी अर्थाची तयारी करून ठेवलेली असली, की आलेल्या शब्दासाठी मेंदूला नव्याने फारसं काही करावं लागत नाही.

वारंवारता आणि अपेक्षितपणा

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होऊ नये. एखादा शब्द भाषेत किती वेळा येतो, ही झाली वारंवारता. एखाद्या ठिकाणी तो येणारच असं किती वाटतं, हा झाला अपेक्षितपणा. ‘आई’, ‘पाणी’, ‘घर’, ‘हात’ हे शब्द आपण दिवसभर वापरतो. पण कवितेत ‘हात’ आला म्हणून कुणी ‘किती हा वापरून गुळगुळीत झालेला शब्द’ असं म्हणत नाही. उलट ‘प्राजक्त’, ‘क्षितिज’, ‘स्पंदन’, ‘मोरपीस’ हे रोजच्या बोलण्यात क्वचित येणारे शब्द कवितेत मात्र शिळे वाटतात. कारण त्यांच्या आगेमागे कोण येणार हे ठरून गेलेलं असतं. प्राजक्त आला की सडा येतो, क्षितिज आलं की त्याच्या पल्याड जायचं असतं, मोरपीस आलं की ते वहीत जपलेलं असतं.

यमकाचंही तेच. ओळीच्या शेवटी ‘प्रीत’ आली की ‘गीत’ किंवा ‘रीत’ दारात उभी राहते. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने तर १७११ सालीच आपल्या काव्यविषयक पद्यनिबंधात ठरावीक यमकांच्या जोड्यांचा खरपूस समाचार घेतला होता. तक्रार जुनी आहे आणि एका भाषेची नाही.

आणखी एका अनुभवाशी या झिजेची सरमिसळ होते. ‘पाऊस’ हा शब्द मोठ्याने, न थांबता म्हणत राहा. थोड्याच वेळात त्याचा अर्थ सुटतो आणि नुसता आवाज उरतो. मॅकगिल विद्यापीठातल्या लिऑन जाकोबोविट्स यांनी १९६२ च्या प्रबंधात या अनुभवाचा तपशीलवार अभ्यास केला. पण ही शब्दाची तात्पुरती दमछाक असते. थोडं थांबलं की पाऊस पुन्हा पाऊस होतो. कवितेतले शब्द अशा थकव्याने शिळे होत नाहीत. त्यांच्याभोवतीची सोबत कायमची ठरून गेल्याने ते शिळे होतात.

रूपक रोजच्या वापरात गेलं की

शब्दांची सोबत ठरून गेली की काय होतं, हे आपल्याकडच्या काव्यशास्त्राने फार पूर्वी ओळखलं होतं. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. शब्द आपला मूळ अर्थ सोडून दुसरा अर्थ सांगू लागला म्हणजे त्यात ध्वनी, म्हणजे सूचित अर्थाची श्रीमंती, आपोआप येते का? आनंदवर्धन म्हणतो, नाही. उदाहरण म्हणून तो ‘लावण्य’ घेतो. हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला. कधीतरी कुणीतरी रूपाची गोडी सांगायला मिठाची चव आठवली असेल. पण आता ‘लावण्य’ म्हणताना कुणाच्या जिभेवर मीठ येत नाही. शब्द दुसऱ्या अर्थात रूढ झाला आणि त्याच्यातली सूचना संपली.

अकराशे वर्षांनंतर मेंदूच्या चित्रणातून याच्याशी जुळणारं काहीतरी पुढे आलं. रुत्विक देसाई आणि सहकाऱ्यांनी २०११ साली लोकांना हाताच्या क्रियांची वाक्यं वाचायला दिली. काहींत क्रिया खरी होती, म्हणजे फुलं हातात पकडणं. काहींत ती रूपक म्हणून होती, म्हणजे कल्पना पकडणं. मेंदूच्या हालचालींशी संबंधित भागांत रूपकाच्या वाक्यांनीही जाग आणली. पण रूपक जितकं परिचयाचं, तितकी ती जाग कमी होत गेली. नव्या रूपकात शरीर सामील होतं. सरावाच्या रूपकात अर्थ पोचतो, शरीर मागे राहतं.

‘हृदय पिळवटून निघालं’ हे वाचताना आज आपल्याला दुःख झाल्याचं कळतं, पण पिळण्याची क्रिया जाणवते का? कपडा पिळताना मनगटाला बसणारा पीळ, बोटांमधून निथळणारं पाणी यांतलं काहीच हाताशी येत नाही. बातमी सांगायला एवढं पुरतं. कवितेचं मात्र यात नुकसान आहे.

सूर्य मावळला

सातव्या शतकाच्या आसपासच्या भामहाने ‘काव्यालंकार’ या ग्रंथात एक धारदार प्रश्न विचारला आहे. सूर्य मावळला, चंद्र उगवला, पाखरं घरट्यांकडे निघाली, एवढंच सांगणं हे काय काव्य? त्याच्या मते ती नुसती वार्ता. उक्तीत काही वळण नसेल, तर विषय कितीही सुंदर असला तरी काव्य होत नाही.

गंमत अशी, की अकराव्या शतकातला मम्मट ‘काव्यप्रकाशा’त हेच सूर्य मावळल्याचं वाक्य घेतो आणि त्यातून किती अर्थ निघतात ते दाखवतो. सेनापतीला हे वाक्य ऐकवलं तर शत्रूवर चालून जायची वेळ झाली. दूतीने नायिकेला सांगितलं तर प्रियकराकडे निघायची वेळ झाली. मजुराला ते काम थांबवायला सांगतं, गुराख्याला गुरं घराकडे वळवायला, धार्मिकाला संध्येला बसायला. शब्द तेच, क्रम तोच, आणि अर्थ मात्र ऐकणाऱ्यागणिक नवा.

भामह आणि मम्मट मला परस्परविरोधी वाटत नाहीत. दोघांना एकत्र वाचलं की या प्रकरणाचा गाभा हाती येतो. शब्द स्वतःहून शिळा किंवा ताजा नसतो. त्याच्याआधी काय आलं, तो कोण कुणाला सांगतंय, आणि तिथे दुसरं काही येऊ शकलं असतं का, यावर ते ठरतं. म्हणून ‘चंद्र, चांदणं, पाऊस हे शब्द कवितेतून हद्दपार करा’ हा सल्ला मला मान्य नाही. चंद्र आजही उगवतो आणि लोक आजही त्याच्याकडे पाहतात. तो शब्द टाकून देणं म्हणजे अनुभवाचा एक तुकडाच टाकून देणं.

नवव्या-दहाव्या शतकातल्या राजशेखराने कवींच्या ठरलेल्या संकेतांना ‘कविसमय’ म्हटलं. हा ग्रंथकार ‘काव्यमीमांसे’त अशा संकेतांची पद्धतशीर मांडणी करतो. कीर्ती पांढरी, अपकीर्ती काळी. चकोर चांदणं पितो. चक्रवाकाची जोडी रात्री विभक्त होते. कमळं वाहत्या नदीतही फुलतात. हे प्रत्यक्षात नसतं, याची त्याला जाण आहे. तरीही कवी आणि रसिक यांच्यातला करार म्हणून तो संकेतांना जागा देतो. चकोर म्हटल्याबरोबर रसिकाला आतुरता कळली, की कवी तिथून पुढे जायला मोकळा. संकेत ही सुरुवात असते. घोटाळा होतो तो कविता तिथेच संपते तेव्हा.

पुनरावृत्तीचं बळ

काही ठिकाणी अपेक्षित शब्दच हवा असतो. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पातून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांमधल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. या ओव्यांमध्ये ठरलेली संबोधनं, ठरलेल्या सुरुवाती, ठरलेले तुकडे पुन्हा पुन्हा येतात. दळता दळता रचायचं, तेही हात न थांबवता, तर तयार तुकडे लागतातच. ओळीचा ओळखीचा भाग तोंड आपोआप म्हणतं, आणि तेवढ्या उसंतीत बाईला आपलं स्वतःचं काहीतरी सुचतं, सासरची सल, भावाची वाट, लेकीची काळजी. मिलमन पॅरी यांनी होमरच्या महाकाव्यांतल्या ठरावीक विशेषणांबद्दल असंच दाखवलं. १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या जिवंत गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करून त्यांनी ही मौखिक रचनेची रीत अभ्यासली.

गाण्यातही हाच न्याय लागतो. वाचक मागच्या ओळीवर परत जाऊ शकतो, गाणं ऐकणाऱ्याला ती सोय नसते. शिवाय त्याचं निम्मं लक्ष चालीकडे असतं. शब्द जरा अपेक्षित असले तर सुरांना वाट मिळते. सहज कळण्यात एक सुखही असतं. मॅकग्लोन आणि तोफिघबख्श यांच्या २००० सालच्या अभ्यासात यमक जुळलेली सुभाषितं लोकांना त्याच अर्थाच्या बिनयमकी वाक्यांपेक्षा जास्त खरी वाटली. कानाला सोपं ते मनाला पटतं. आरती, भावगीत, पाळणा यांच्या गोडव्यात या सोपेपणाचा मोठा वाटा आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रश्न येतो तो कागदावरच्या कवितेचा. तिथे चाल नाही, जात्याची लय नाही, सोबत म्हणणाऱ्या बायका नाहीत. तिथे शब्दांनाच सगळा भार उचलायचा असतो.

मराठी कवितेने काय केलं

बा. सी. मर्ढेकरांचा ‘शिशिरागम’ १९३९ सालचा आणि ‘काही कविता’ १९४७ सालचा. पहिल्या संग्रहात त्या काळच्या भावकवितेची भाषा आहे. दुसऱ्यात तोच कवी ‘पंक्चर’ या सायकलच्या दुकानातल्या शब्दाचं क्रियापद करून ते रात्रीला लावतो, आणि पंक्चर करणारे असतात दिवे. रात्र आणि दिवे हे कवितेतले अतिशय जुने शब्द. ते त्याने बदलले नाहीत. त्यांच्यामध्ये फक्त एक असा शब्द आणून ठेवला, की वाचक थबकतो. मग त्याला काळोखाचं फुगलेलं रबर दिसतं, त्याला पडलेली बारीक भोकं दिसतात, निघून जाणारी हवा ऐकू येते. गाळलेली जागा भरायला दिली असती, तर हा शब्द कुणी भरला असता असं वाटत नाही. आणि एकदा भरल्यावर तो काढून दुसरा ठेवताही येत नाही.

बहिणाबाई चौधरींनी हेच काम नवा शब्द न आणता केलं. ‘संसार’ हा कीर्तन-प्रवचनांत घासून गेलेला शब्द. जळगावकडच्या या न शिकलेल्या शेतकरी बाईने त्याला चुलीवरच्या तापल्या तव्यापाशी नेलं. भाकर मिळण्याआधी हाताला बसणारा चटका त्या शब्दात आला. १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा मराठी वाचकाला आपल्याच भाषेतले शब्द पुन्हा गरम लागले.

नामदेव ढसाळांनी तिसरी वाट काढली. ‘गोलपिठा’ या संग्रहात मुंबईच्या त्याच नावाच्या वस्तीची बोली जशीच्या तशी आली आणि पांढरपेशा वाचक शब्दाशब्दाला अडला. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही अनेक शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले होते. त्या अडण्यातच कवितेचं म्हणणं होतं. ज्या जगाकडे वाचक न पाहता पुढे जात होता, त्याच्या भाषेवरून त्याला न पाहता पुढे जाता येऊ नये.

कोणता शब्द खरा

याचा अर्थ कविता म्हणजे धक्क्यांची मालिका असा होत नाही. भाकरीवरच्या मोज्यांनीही मेंदूत मोठी लाट उठते, पण ती कविता नव्हे. प्रत्येक शब्द अनपेक्षित असेल तर वाचक अपेक्षाच करणं सोडून देतो, आणि अपेक्षाच नसेल तर ती मोडणार कशी? चांगल्या कवितेत बहुतेक शब्द वाचकाला हात धरून नेतात आणि मोजक्याच जागी त्याला थांबवतात. थांबल्यावर त्याला वाटायला हवं, की हे मला सुचलं नसतं, पण इथे हेच हवं होतं. नुसत्या विचित्र शब्दातून यातला पहिला अर्धा भाग मिळतो. सरावाच्या शब्दातून दुसरा. कवितेला दोन्ही लागतात.

लिहिणाऱ्याने हे स्वतःच्या कवितेवर तपासून पाहावं. ज्या शब्दांवर आपली सगळी भिस्त आहे ते झाकावेत आणि ओळी एखाद्या चांगल्या वाचकाला भरायला द्याव्यात. त्याने नेमका आपलाच शब्द भरला, तर लगेच शब्दकोशातून अवघड प्रतिशब्द शोधायला धावू नये. ‘आसवे’च्या जागी ‘अश्रुबिंदू’ घातल्याने काहीच बदलत नाही, कारण वाट तीच राहते. आधीच्या ओळीत ‘सांजवेळ’ आणि ‘व्याकूळ’ आहेत म्हणून ‘आसवे’ येतात. दुरुस्ती तिथून सुरू करायची. त्या संध्याकाळी खरोखर काय होतं? कुकरची शिट्टी, जिन्यावरचा गेलेला बल्ब, शेजारच्या घरातली टीव्हीवरची मालिका. तिथून निघालेला माणूस रडला, तर ‘रडला’ हा भाषेतला सर्वांत साधा शब्दही वाचकाला थांबवू शकतो.

मराठीत आज भरपूर कविता लिहिली जाते, आणि ती लिहिणाऱ्यांत पहिल्यांदाच पेन हाती धरणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी अनेकजण ठरलेले शब्द वापरतात ते आळसाने नव्हे. कविता असल्याच शब्दांत लिहायची असते, असं त्यांना शाळेपासून वाटत आलेलं असतं. त्यांना कुणीतरी ठामपणे सांगायला हवं, की तुमच्या शेतातले, कारखान्यातले, स्वयंपाकघरातले शब्द कवितेला चालतात. त्या शब्दांची सोबत अजून ठरलेली नाही, म्हणून वाचक त्यांच्यापाशी थांबेल. आणि चंद्रावरच लिहायचं असेल तर खुशाल लिहा, फक्त तुम्ही तो कुठून आणि कशासाठी पाहिलात, ते आम्हाला आधीच ठाऊक नसावं.